जोकरची जागा

भिंतीवरचा आजच्या संघाचा तक्ता वाचला आणि जोकरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच्या नावापुढे पुन्हा 'लेफ्ट फील्ड', मैदानाचं पार डावं टोक!

जोकर हे नाव त्याला संघानंच दिलेलं. पत्त्यांतल्या जोकरसारखा कुठंही लागतो म्हणून. बेसबॉलच्या मैदानावर जागा नऊ, त्यातल्या सात त्यानं सहा वर्षांत सांभाळल्या होत्या. कुणाचा खांदा आखडला, कुणाला ताप आला, की लाव जोकर. सेकंड बेस या मोक्याच्या जागेवरचा जुना खेळाडू निवृत्त झाला, तेव्हा मॅनेजरनं सर्वांदेखत सांगितलं होतं, "ही जागा आता तुझी." त्याला जेमतेम तीन आठवडे झाले होते, आणि तेवढ्यात जोकरच्या हातून एकही चेंडू सुटला नव्हता.

दार न वाजवताच तो मॅनेजरच्या खोलीत शिरला.

"सर, हे काय?"

"नवा गडी घेतलाय. त्याला सेकंड बेसशिवाय काही येत नाही," बुटाची नाडी बांधत मॅनेजर म्हणाला. "तुला कुठंही टाकलं तरी चालतं."

"म्हणजे मला जास्त येतं ही माझी चूक?"

"अरे, तू आहेस म्हणून तर बाकीचे निर्धास्त असतात."

"आणि मी? वडील रोज फोन करून विचारतात, आज मैदानात तुला कुठं शोधू? लाज वाटते हो सांगायला."

"सामन्यानंतर बोलू."

नऊपैकी सहाव्या इनिंगमध्ये नव्या गड्याच्या पायांतून दोन सोपे चेंडू निसटले. मॅनेजरनं लांबून खूण केली: जोकर, सेकंड बेसवर ये. जोकर हलला नाही. पुन्हा खूण. तो कमरेवर हात ठेवून उभाच. शेवटी दुखरा गुडघा सांभाळत मॅनेजर अख्खं मैदान तुडवत आला.

"काय तमाशा लावलायस?"

"येतो. पण मग मोसम संपेपर्यंत तिथून हलणार नाही. कबूल करा."

"मला अटी घालतोस? जा, बाकावर बस!"

तो जाऊन बसला. मॅनेजरनं बाकावरच्या एकाला लेफ्ट फील्डला धाडलं, बेसजवळच्या दोघांच्या जागांची अदलाबदल केली. सगळ्यांचीच त्रेधा उडाली आणि हातातला सामना गेला.

सगळे कपडे बदलायच्या खोलीत परतले. मॅनेजर आत आला.

"उद्या सेकंड बेसवर तू."

"आणि परवा?"

"परवाही."

"त्यानंतर?"

"मोसमभर! झालं समाधान?" मॅनेजर कडाडला. "पण आजचा सामना तू घालवलास, हे विसरणार नाही मी."

"तुम्ही शब्द फिरवलात, तेही मी विसरणार नाही."

मॅनेजर दार आपटून गेला. हवं ते मिळालं होतं, तरी जोकरच्या मुठी सैल होईनात. कोपऱ्यात चेंडू टाकणारा पिचर खांद्यावर बर्फ बांधून बसला होता. सहा इनिंग जीव तोडून टाकलेलं सगळं पाण्यात गेलं होतं त्याचं. जोकर त्याच्याजवळ गेला.

"तुझ्यापुरतं चुकलं माझं."

पिचरनं मान वर केली नाही.

"मीही हेच केलं असतं," तो म्हणाला. "पण आज नको होतं करायला."