सगळ्यांनी पुढे ढकललेलं गाणं

लाँड्रीच्या मागच्या खोलीत सुट्टीच्या दिवशी चार पोरं जमायची. पुढे आई वाफेच्या इस्त्रीवर, मागे पोरांचा बँड. मधे दार नव्हतं. होत्या त्या दोरीवर वाळणाऱ्या चादरी.

चौघांतली टपली ही आईची लेक. डबा म्हणू नका, दार म्हणू नका, जे हाताला लागेल ते ती लहानपणापासून वाजवत आली, म्हणून टपली. आता ड्रम वाजवायची. गाणारी ती मैना, गिटारवाला काडी, आणि कीबोर्डवर चष्मा सावरत बसलेला प्रोफेसर. वेड सगळ्यांचं एकच, जपानी अॅनिमे, म्हणजे तिकडच्या कार्टून मालिका. शाळेच्या संमेलनात दर वर्षी त्यातलीच तीन गाणी ते वाजवत. यंदाचं संमेलन शेवटचं. मग शाळा सुटणार, आणि चौघांच्या वाटा चार.

गाणं निवडायची त्यांची एक रीत होती. ज्याला गाणं सुचेल त्याने ते उभं राहून एकट्याने म्हणायचं, वाद्याविना. ऐकणाऱ्यांपैकी एकाचा जरी पाय आपसूक हलला, तरी गाणं पास. काडी म्हणायचा, "तोंड खोटं बोलतं. पाय बोलत नाही."

दोन गाणी ठरली होती. दोन्ही काडीची, दोन्ही मालिकांच्या सुरुवातीची, घोडे उधळल्यासारखी. तिसऱ्या जागेसाठी टपली उठली. इतक्या वर्षांत तिचं एकही गाणं पास झालं नव्हतं. दुसऱ्यांची गाणी पाठीवर घेऊन ती मागून चालायची, घरातली थोरली चालते तशी. चादरींपलीकडे आईने श्वास रोखला.

"कुठलं?" मैनेने विचारलं.

"दीपस्तंभवाल्या मालिकेचं. शेवटी लागतं ते."

"तिला शेवटी गाणं आहे?"

"नाहीये," काडी म्हणाला. "मी दोनदा पाहिलीय ती."

"आहे. तू पुढचा भाग लावतोस."

प्रोफेसरने डोकं खाजवलं. "आपण सगळेच लावतो. नावं यायला लागली की बोट पुढे."

"मग हिनेच कसं ऐकलं?"

"माझी बोटं रिकामी असतात का?" टपली म्हणाली. "मोबाईल वर फळीवर. आई इस्त्रीवर, मी घड्यांवर. हात मोकळा होईपर्यंत गाणं संपलेलं असतं."

आणि ती म्हणू लागली. आवाज मैनेसारखा गोड नव्हता, जरा भरडच होता. पण गाण्याची चाल दिवसभर राबून परतणाऱ्या माणसाची होती; पाय दमलेले, तोंड घराकडे. एक ओळ सरायची, थोडं थांबायची, मागून दुसरी यायची.

काडीचे बूट दगडासारखे पडून होते. मैनेने डोळे मिटले होते, पण पाय गप्प. प्रोफेसर वाकून सगळ्यांचे पाय तपासत होता, स्वतःचेसुद्धा.

गाणं संपलं.

"छान आहे गं," काडी म्हणाला. "पण नियम तो नियम."

"हो, कळलं," म्हणून टपली स्टुलाकडे वळली.

"थांबा जरा," मैना म्हणाली. "तो आवाज कसला होता? ओळ संपली की फुस्स, ओळ संपली की फुस्स."

तिने चादर बाजूला सारली. आई पाठमोरी उभी होती, एक पाय इस्त्रीच्या पेडलवर.

"काकू, तुमचा पाय हलत होता."

"माझा पाय कामावर आहे, बाई. पेडल दाबलं की वाफ सुटते, त्याला मी काय करू?"

"मग शर्ट कुठंय?"

आईने खाली पाहिलं. इस्त्रीखाली काहीच नव्हतं. शर्ट तिच्याच खांद्यावर होता, चुरगळलेला, आपली पाळी कधी येते ते बघत.

टपली आधी हसली. मग सगळेच.

"काकू बँडमध्ये नाहीत," काडीने उगाच ताणून पाहिलं.

"ऐकणाऱ्यांपैकी एकाचा, असं ठरलंय," प्रोफेसर म्हणाला. "बँडमधल्या एकाचा, असं नाही."

काडीने सुस्कारा सोडला. "खरंय. इतकी वर्षं फुकटात ऐकतायत. पास."

"आणि हे मी नाही म्हणणार," मैना टपलीला म्हणाली. "तूच म्हण. ड्रमवर बसूनच."

संमेलनात पहिल्या दोन गाण्यांना पोरं बाकांवर चढली. तिसऱ्या गाण्याला मैनेने माइक उचलून मागे ड्रमपाशी नेला, तशी हॉलमध्ये कुजबूज झाली. चौघांच्या शर्टांच्या घड्या शेवटच्या रांगेतूनही दिसत होत्या. त्याच रांगेत आई उभी होती.

टपलीने पहिली ओळ म्हटली. ओळ संपली, आणि तिने पायाखालचं पेडल दाबून ड्रमजवळची झांजांची जोडी अलगद मिटली. फुस्स.

आई दचकली. हा आवाज तिने झोपेतही ओळखला असता. दुसरी ओळ, पुन्हा फुस्स. जपानी शब्दांच्या मधे, एवढ्या मोठ्या मंचावर, तिची लाँड्री श्वास घेत होती.

कुजबूज थांबली. बाकांवरची पोरं एकेक करून खाली बसली.

शेजारच्या बाईने हळूच विचारलं, "तो मधे मधे येतो तो आवाज कसला हो? छान आहे."

"इस्त्रीचा," आई म्हणाली.

"काय?"

"आमच्या इस्त्रीचा. आणि पोरगी माझी."

तिची मान तेव्हा तिने आजवर कडक केलेल्या कुठल्याही कॉलरपेक्षा ताठ होती. बाईला इस्त्रीचं काही उमगलं नाही, पण ती हसली आणि पुन्हा मंचाकडे पाहू लागली. पुढची ओळ संपली तेव्हा आईचा पाय हलला, आणि त्याच्या जोडीने त्या बाईचाही.