पुठ्ठ्याला चिकटलेलं पान

वरचे साहेब, तुम्ही आमच्यापासून एक पान लपवलंत. चोरून नाही, राजरोस! आणि लपवायला हातही आमचेच वापरलेत.

वाचकहो, ज्या बाईचे हात वापरले तिचीच ही गोष्ट. ती छापखान्यात बाइंडिंग करते. पोलीस चौक्यांच्या जबाबाच्या वह्या अकरा वर्षं तिनेच बांधल्या. वही खिळखिळी होऊ नये म्हणून तिचं पहिलं पान खळीने पुठ्ठ्याला चिकटवतात. त्यासाठी एक कोरं पान जादा घालायची रीत आहे. पण वरून हुकूम आला, कोरं पान कशाला, कागद वाचवा! मग छापलेलंच पहिलं पान पुठ्ठ्याला जाऊ लागलं, छापील बाजू आत. बाईने ते कधी वाचलं नाही. छापलेला कागद तिच्या लेखी वाचायचा नव्हता, चिकटवायचा होता.

एक दिवस चौकीवरून तिलाच बोलावणं आलं. नवरा ज्या गोदामात कामाला, तिथे मुकादमाला मारहाण झाली होती आणि आरोप नवऱ्यावर होता. तो त्या संध्याकाळी घरी कसा आला, काय बोलला, ते हिने सांगायचं. खरं सांगावं तर घर मोडतं. खोटं सांगावं तर आपणच गुन्हेगार.

"काय गं, ही खळ आहे की खडी?" मास्तरांनी विचारलं. मास्तर म्हणजे छापखान्यातले सगळ्यांत जुने कंपोझिटर, छपाईचे खिळे जुळवणारे.

तिने गुठळ्या चिरडत सगळं सांगितलं. "बोलावंच लागेल ना, मास्तर?"

"कुणी सांगितलं?"

"चौकीवरचे साहेब म्हणाले फोनवर. नाही आलीस तर उचलून आणू."

"जायचं तर आहेच. पण नवऱ्याविरुद्ध बोलायचं की नाही, ते तू ठरवायचं. कायद्यानेच दिलाय तो हक्क."

"म्हणजे त्याचं पाप मी झाकायचं?"

मास्तर उसळले. "झाकायला कोण सांगतंय! खोटं बोलणं वेगळं आणि 'मी बोलणार नाही' असं तोंडावर सांगणं वेगळं. बायकोला नवऱ्याविरुद्ध उभी केली की ती एक तर खोटं बोलते, नाहीतर जन्मभर झुरते. म्हणून हे दार ठेवलंय. उद्या रस्त्यात कुणी परक्याने कुणाला मारलेलं बघितलंस आणि मूग गिळून बसलीस, तर मात्र मीच तुला धरून चौकीवर नेईन!"

"मग हे मला कुणी सांगितलं कसं नाही?"

"अगं, छापलंय की! जबाबाच्या वहीचं पहिलं पान. मी स्वतः जुळवलंय."

तिचा हात खळीतच राहिला. "मास्तर, ते पान तर मी पुठ्ठ्याला चिकटवते!"

दुसऱ्या दिवशी ती चौकीवर गेली. साहेबांनी वही उघडली. "हं, बोला बाई."

"आधी ती वही इकडे द्या."

"अहो, सरकारी वही आहे ती!"

"मीच बांधलीय. कुठून सुटते ते मला माहीत आहे."

टेबलावर तिकिटं ओली करायचा स्पंज होता. तिने पुठ्ठ्याची आतली बाजू ओली केली, नखाने कोपरा उचलला, आणि अकरा वर्षांच्या सरावाने पान अख्खंच्या अख्खं सोडवलं.

"वाचा. मोठ्याने."

साहेब वाचू लागले. "साक्षीदार आरोपीचा जवळचा नातेवाईक असल्यास त्याला जबाब नाकारता येईल. जबाबापूर्वी हे त्याला वाचून दाखवावे." शेवटच्या वाक्याला आवाज खाली आला. "सहा वर्षं जबाब घेतोय मी. हे पान कधी बघितलंच नाही."

"मीही नाही, साहेब. पण ते माहीत असण्याचा पगार तुम्हाला मिळतो!"

साहेबांचे कान लाल झाले. पण माणूस खुनशी नव्हता. त्यांनी लिहिलं, 'साक्षीदाराने हक्क वापरून नकार दिला', वाचून दाखवलं आणि तिची सही घेतली. मारामारी डोळ्यांनी बघितलेले दोन हमाल बाहेर बाकावर बसलेच होते. त्यांना आत बोलावलं.

घरी नवऱ्याने धास्तावून विचारलं, "काय सांगितलंस?"

"काहीच नाही. आता तुझं खरं-खोटं तुझ्याच तोंडून निघू दे."

त्या रात्री ती कित्येक दिवसांनी गाढ झोपली. पुढच्या आठवड्यात त्या साहेबांची लेखी मागणी आली, वह्यांना कोरं पान घाला. तिने गुणगुणत घातलं. खळही लोण्यासारखी झाली होती.

वाचकहो, हक्क नुसता छापून भागत नाही, तो माणसाला वाचून दाखवावा लागतो. बोलावणं आलं तर जा, पण आधी पहिलं पान मागा!

आणि वरचे साहेब, पान एकाच चौकीचं सुटलंय. बाकीच्या वह्यांवर ज्या बायकांनी, ज्या आयांनी रडत सह्या केल्या, त्यांना हे कुणी वाचून दाखवलं होतं? कोरं पान वाचवायचा हुकूम कुणाचा? उत्तर द्या. गप्प बसायची सोय त्या पानावर तुमच्यासाठी छापलेली नाही!