भार शून्य

मेलबर्नच्या प्रयोगशाळेत विमानाच्या पंखाचे पत्रे दाबून बघायचे, हे नोरीनचं काम. पत्रा लोखंडी चौकटीत आवळायचा, चौकटीसकट भट्टीत तापवायचा आणि मग किती भाराला वाकतो ते दाबून मोजायचं. वर्षानुवर्षं हीच रीत, आणि रीत म्हटली की तिला कोण प्रश्न विचारतो! त्या आकड्यांच्या भरवशावर नवं विमान उडत होतं. चालवत होता तिचा धाकटा भाऊ क्लाइव्ह, तिकडे वाळवंटातल्या तळावर.

त्या सकाळी भट्टी बिघडली. दुरुस्तीवाल्याची वाट कोण बघणार, म्हणून नोरीननं चौकटीतला पत्रा तापवायला त्याच्यासमोर मोठे दिवे लावले. चौकट गारच राहिली. सगळे चहाचे मग घेऊन एकमेकांची टिंगल करत उभे होते, तेवढ्यात धाडकन आवाज झाला. पत्रा भिजल्या पुठ्ठ्यासारखा वेडावाकडा फुगला होता. आणि दाबयंत्राला अजून कुणी हातसुद्धा लावला नव्हता. भाराचा काटा शून्यावर.

नोरीनच्या लक्षात आलं. तापलेला पत्रा पसरायला बघतो, गार चौकट पसरू देत नाही. मग वाकेल नाहीतर काय करेल बिचारा? भट्टीत चौकटही बरोबरीनं पसरायची, म्हणून इतकी वर्षं कुणाला पत्ता नाही. विमानात मात्र वेगामुळे हवा घासून बाहेरचा पत्रा भाजून निघतो, आतला सांगाडा गार असतो, आणि वर हवेचा भार.

तिचा वरिष्ठ हॅरॉल्ड म्हणाला, घाई नको, उद्या पुन्हा करून बघू.

"उद्या? माझा भाऊ आज उडतोय, हॅरॉल्ड," म्हणत ती फोनकडे धावली.

तळावर फोन लागेपर्यंत तिच्या जिवात जीव नव्हता. उचलला तो क्लाइव्हनंच.

"तू खाली कसा?"

"कान ठणकतोय. डॉक्टरनं बसवून ठेवलंय."

"बरं झालं रे बाबा, बरं झालं!" ती रडायलाच लागली. "ते विमान वर जाता कामा नये. पंख वाकतील."



"माझ्याऐवजी मर्व्ह गेलाय, नोरीन. आत्ताच."

मर्व्ह म्हणजे क्लाइव्हचा जिवलग. गेल्या नाताळात तिच्याच घरी जेवला होता. क्लाइव्हनं फोन तसाच टाकला. वेग कमी करायला सांगा, खाली बोलवा त्याला, असं ओरडत तो पळाला.

नोरीन रिसीव्हर कानाला लावून उभी राहिली. आपण 'बरं झालं' म्हणालो, याची तिला शिसारी आली. तरी भाऊ जमिनीवर आहे याचा आनंद मनातून काही केल्या जाईना.