दंडधारिणी

कलेच्या इतिहासात डॉक्टरेट करायची तर काय काय लागतं, ते विभागाच्या माहितीपत्रकात छापलेलं होतं: एका परकीय भाषेची परीक्षा, दोन प्रकाशित निबंध, प्रबंध आणि तोंडी परीक्षा. मार्गदर्शकांच्या सिद्धांतापुढे मान डोलवावी लागते, हे मात्र कुठेच छापलेलं नव्हतं. ते तिला पहिल्याच महिन्यात कळलं.

सरांचा सिद्धांत एकच, आणि त्यावर त्यांनी अख्खी हयात काढली होती. डोंगरावरच्या एका जुन्या प्रार्थनागृहात भिंतीवर एका बाईचं चित्र होतं. तिच्या हातात उंच दंड. म्हणजे ती सत्ताधीश. म्हणजे त्या काळी तिथे बायकांचं राज्य. तिचं 'दंडधारिणी' हे नावही सरांनीच ठेवलेलं. विद्यार्थी सरांना मागून 'दंडनायक' म्हणत आणि समोर त्यांची बॅग उचलत. तिनेही दोन-चारदा उचलली होती.

प्रबंधासाठी ती स्वतः डोंगर चढून गेली. बाई भिंतीवर होती. हात पुढे केलेला, तळवा उघडा. दंडाचा पत्ताच नव्हता.

तिने टॉर्च मारून इंच न् इंच पाहिलं. रंग खरवडलेला नव्हता, गिलावा अखंड होता. मग सरांच्या पुस्तकातलं जुनं छायाचित्र काढून शेजारी धरलं. त्यातला दंड चित्राची चौकट ओलांडून थेट छताला भिडला होता, आणि वरच्या टोकाला चक्क दोरीची गाठ होती. परांचीचा वासा! फोटो काढला तेव्हा छताची दुरुस्ती चालू असणार. ती इतकी मोठ्याने हसली की दार उघडून देणारा पहारेकरी आत डोकावला.

परतल्यावर ती सरांच्या खोलीत गेली.

"सर, तुम्ही तिथे कधी गेला होतात?"

"चित्र पाहायला तिथे कशाला जायला हवं? दृष्टी लागते, अगं."

तिने नवे फोटो टेबलावर मांडले. सरांनी त्यांना हात लावला नाही. "नंतर कुणीतरी पुसलाय दंड."

"पुसल्याची खूण नाही, सर. आणि तुमच्या फोटोत दंडाला दोरी बांधलीय."

सरांनी डोळे मिटले. "दोरी म्हणजे सत्तेवरचं बंधन. हा मुद्दा छान सुचवलास हं. पुढच्या आवृत्तीत घेतो."

हा माणूस तिच्या मनातून साफ उतरला. राग यावा एवढीही त्याची किंमत उरली नाही.

घरी तिने थोरल्या बहिणीला सांगितलं. ताई वैतागली. "सही त्यांचीच लागते ना? मग लिहून टाक दंड. तुझं काय जातंय?"

"इतकी वर्षं सगळे हेच म्हणत आले असणार," ती म्हणाली आणि तिने चौथ्या प्रकरणात स्वच्छ लिहिलं: हा परांचीचा वासा आहे. सरांनी ऋणनिर्देशात आपलं नाव पाहिलं, समाधानाने मान हलवली आणि सही ठोकली. पुढचं पान उलटलंसुद्धा नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले होते. त्यांनी चष्मा पुसला. "चौथ्या प्रकरणात तुम्ही दंडाला वासा म्हणताय. ही उपमा आहे का?"

"नाही. वासाच आहे."

सर घाईघाईने प्रबंध चाळू लागले. मानेपर्यंत लाल झाले. विभागप्रमुखांनी घड्याळाकडे पाहिलं; जेवणं खोळंबली होती. तिला बाहेर उभं करून आत बराच वेळ कुजबुज झाली. मग बोलावणं आलं. अभिनंदन! फक्त एक किरकोळ दुरुस्ती: 'वासा'च्या जागी 'दंडसदृश उभा आकार' लिहावं.

जिन्यात परीक्षकांनी तिला गाठलं. "खरं सांगू? मलाही शंका होतीच. फार पूर्वीपासून."

"मग बोलला का नाहीत?"

"माझ्या पीएचडीला तुमचे सरच परीक्षक होते ना!" असं म्हणून ते लगबगीने जेवायला गेले.

दुरुस्ती तिने केली. 'दंडसदृश उभा आकार' असं टाइप केलं आणि त्याच्याखाली पानभर मोठा करून तो जुना फोटो लावला, दोरीच्या गाठीसकट. तो काढा असं कुणी म्हटलं नाही. बहुधा कुणी पाहिलाच नाही.

पदवी मिळाली त्या संध्याकाळी ताईने दार उघडलं. "आता तुला डॉक्टर म्हणायचं का गं?"

"नको. तिथे सगळेच डॉक्टर आहेत," ती म्हणाली, आणि भूक लागलीय म्हणत स्वयंपाकघरात शिरली.