दुसरा कान

मी पर्यवेक्षिका. शाळेत डोळ्यांत तेल घालून फिरायचं, हे माझं काम आणि खरं सांगायचं तर हौससुद्धा. कुणी जरा जास्तच गोड हसलं, की यात काहीतरी काळंबेरं आहे असं मला वाटतं. त्यामुळे मुख्याध्यापकांनी मला बोलावून दार लोटून घेतलं, तेव्हा मी सरसावूनच बसले.

नववीला मानवी हक्क शिकवणारे नवे सर पोरांना फूस लावतायत, असं त्यांचं म्हणणं होतं. पुरावा एकच. रांगेत बोलली म्हणून पीटीच्या सरांनी नववीतल्याच एका मुलीचा कान पिळला. तिला सगळे भिंगरी म्हणतात. तर ती म्हणाली, "सर, दुसरा कान बाकी आहे." हा आगाऊपणा ऐकून त्यांनी लगेच दुसराही पिळला. नव्या सरांची नोकरी अजून कायम झालेली नव्हती. तुम्ही त्यांचा तास बघून या, मी आजच त्यांना नारळ देतो, असं मुख्याध्यापकांनी सांगून टाकलं.

मी मागच्या बाकावर जाऊन बसले. नव्या सरांनी नमस्कार केला, तोही मला फाजील नम्र वाटला. वर्गात भांडण चाललं होतं, डस्टर खिडकीबाहेर कुणी टाकलं याचं. निवाड्याला बसवलेली दुसरीच एक मुलगी उजव्या कानावर तळहात दाबून डावीकडची तक्रार ऐकत होती. तक्रार संपली, तसा अर्ध्या वर्गाने निकालही देऊन टाकला. त्यावर सर शांतपणे म्हणाले, "दुसरा कान बाकी आहे." मुलीने हात काढला आणि ती उजवीकडे वळली.

म्हणजे भिंगरीने उद्धटपणा केलाच नव्हता. माझीही बाजू ऐका, एवढंच ती शिकवलेल्या भाषेत म्हणाली होती.

पण मी अशी सहज पाघळणारी नाही. हा तास माझ्यासाठीच रचलेला असला तर? मधल्या सुट्टीत मी दोन-तीन मुलींना एकेकटं गाठून आडून आडून विचारलं. सर नेहमी असंच म्हणतात, हेच सगळ्यांनी सांगितलं, आणि संशयाने बघितलं ते माझ्याकडे.

मुख्याध्यापकांना हे काही पटेना. पोरं तुमच्याही डोळ्यांत धूळ फेकतायत, म्हणाले. मग मी हट्टच धरला, तेव्हा नव्या सरांना आत बोलावलं गेलं. त्यांचा चेहरा पार उतरला होता. आता हे नोकरीसाठी गयावया करणार, अशी मी खूणगाठ बांधली.

"माझं नंतर ऐका, सर," ते म्हणाले. "आधी भिंगरीला विचारा. तिला अजून कुणीच विचारलेलं नाही."

मला स्वतःचाच राग आला. दोघीतिघींना खोदून विचारलं मी, पण तिला सोडून.

मी स्वतः जाऊन तिला घेऊन आले. कशाला बोलावलंय हे वाटेत तिने विचारलं नाही आणि मलाही सांगायचं सुचलं नाही. मुख्याध्यापकांना बघताच तिने दोन्ही कानांवर हात घट्ट दाबून धरले.

ती कान वाचवतेय, हे त्यांच्या ध्यानात आलं. नव्या सरांना त्यांनी तासावर जायला सांगितलं, नोकरीची काळजी करू नका असंही पुटपुटले. मग खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले.

"बोल बाळ, तुझं काय म्हणणं आहे?"

तिने हात काढले नाहीत.