वळशातली गाडी

त्या गल्लीत दोघांनाही नावानं कुणी ओळखत नसे. ते स्टेशनमास्तर आणि त्या ऑपरेटरबाई. बाईंनी खरोखरच टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केलेली. मास्तरांचा मात्र रेल्वेशी काडीचा संबंध नव्हता, ते पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढायचे. स्टेशनमास्तर ही पदवी त्यांना मिळाली ती घरातल्या मागच्या खोलीमुळे. तिथं भिंतीपासून भिंतीपर्यंत प्लायवूडचं टेबल होतं आणि त्यावर अख्खी रेल्वे वसलेली होती. बोटाएवढे डबे, काडेपेटीएवढी घरं, दोन स्टेशनं, एक पूल आणि कोपऱ्यात प्लॅस्टरचा भलामोठा डोंगर.

"माझी सवत मागच्या खोलीत राहते," बाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. "तिला नवे रूळ, नवे दिवे, नवी झाडं. मला कधी विचारलंय का, बाई गं, तुला काय हवंय म्हणून?"

"तुला विचारलं तर संध्याकाळपर्यंत तरी तू बोलायची थांबणार आहेस का?" मास्तर आतून ओरडायचे.

की मग जुंपली! शेजारीपाजारी म्हणायचे, या दोघांचा टीव्ही बंदच होत नाही. पण त्या भांडणात विष नव्हतं हो. ते त्यांचं बोलणंच तसं होतं. काही नवराबायको फिरायला जातात, काही पत्ते खेळतात, हे दोघं भांडायचे. आणि भांडून झालं की दोघांना कडकडून भूक लागायची.

आणि एके दिवशी सकाळी मास्तर दाढी करता करता खाली बसले. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आणि वाचा गेली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी जीव वाचवला. बाईंनी त्यांचे, नर्सचे, अगदी स्ट्रेचर ढकलणाऱ्या माणसाचेसुद्धा हात धरून आभार मानले होते. हळूहळू पायात थोडं बळ आलं, काठी घेऊन चार पावलं टाकता येऊ लागली. बोलणं मात्र आलं नाही.

घरी शिकवायला एक स्पीच थेरपिस्ट मुलगी यायची. बाई तिला टीचर म्हणत. मोठी गोड पोरगी, आणि चिकाटीची. कपाचं चित्र दाखवायची, पंख्याचं दाखवायची, "काका, हे काय?" म्हणून विचारायची. मास्तर चित्राकडे बघायचे, तिच्याकडे बघायचे आणि मान फिरवायचे.

"काकू, त्यांना सगळं कळतंय," टीचर जाताना दारात सांगायची. "शब्द आतच आहेत. पण बोलावंसं वाटलं पाहिजे. आत्ता वाटलं नाही तर पुढे फार अवघड जाईल. गप्प राहायचीही सवय लागते माणसाला."

ते शेवटचं वाक्य बाईंच्या डोक्यातून जाईना. नवरा बोलत नाही हे दुःख होतंच, पण आपण वाट्टेल ते बोललो तरी तो उलटून बोलत नाही, हे त्यांना जास्त लागत होतं. त्यांनी मुद्दाम कळ काढून पाहिली. "तुमचं ते हिरवं इंजिन ना, अगदी बेडकासारखं दिसतं," म्हणाल्या. एरवी या वाक्यावर घर डोक्यावर घेतलं असतं मास्तरांनी. आता नुसते खिडकीबाहेर बघत राहिले. बाई स्वयंपाकघरात गेल्या आणि नळ सोडून रडल्या.

मागच्या खोलीचं दार इतके दिवस बंदच होतं. एकदा टीचर यायच्या आधी घर आवरताना बाईंनी ते उघडलं. सगळीकडे बोटभर धूळ. त्यांनी फडकं घेतलं आणि डोंगरापासून सुरुवात केली, चांगलं खसाखसा. तेवढ्यात मागे काठीचा आवाज आला. बघतात तर मास्तर दारात उभे! कुणी उठवलं नाही, कुणी धरलं नाही, आपले आपण खुर्चीतून उठून आले होते. कपाळावर ही आठी! डाव्या हातानं त्यांनी फडकं हिसकावून घेतलं, टेबलाखालून मऊ ब्रश काढला आणि बाईंच्या हातात कोंबला.

"असं होय," बाई म्हणाल्या. "सवतीला खसाखसा पुसलेलं चालत नाही."

मास्तर हसले नाहीत, पण तिथून हललेही नाहीत. बाई पुसत होत्या आणि ते बोटानं दाखवत होते, इथं राहिलं, तिथं राहिलं. संध्याकाळी बाईंनी टेबलावर दोन्ही हात ठेवले आणि मनापासून म्हणाल्या, "बाई गं, आजवर तुला नाही नाही ते बोलले. तू यांना उठवलंस. तुझे उपकार आहेत माझ्यावर."

आता या रेल्वेत एक काम अर्धवट राहिलं होतं. गाडी पहिल्या स्टेशनवरून निघायची, दुसऱ्या स्टेशनवर जायची आणि परत यायची ती उलटी, म्हणजे इंजिन मागे आणि डबे पुढे. मास्तरांच्या डोळ्यांत ते खुपायचं. म्हणून आजारपणाच्या आधी त्यांनी डोंगराच्या पोटातून रुळांचा एक मोठा वळसा घालायला घेतला होता. गाडीनं बोगद्यात शिरायचं, आतल्या आत गोल फिरायचं आणि तोंड पुढे करून त्याच रुळावरून माघारी यायचं. वळशाचे शेवटचे चार रूळ तेवढे जोडायचे राहिले होते.

"मी जोडते," बाई म्हणाल्या. मास्तरांनी त्यांच्याकडे असं काही बघितलं की बाईंना भारी राग आला. "बघताय काय? मी काय नुसती बटाटे सोलायला जन्माला आले?"

जोडले एकदाचे. बोटांना दोन ठिकाणी खरचटलं, चष्मा तीनदा खाली पडला, पण जोडले. मास्तरांनी आनंदानं रुळांना वीज सोडणाऱ्या कंट्रोलरचं बटण फिरवलं आणि सगळं ठप्प झालं. इंजिन हलेना, स्टेशनचे दिवे लागेनात. बाईंची पाचावर धारण बसली. त्यांना वाटलं, झालं, आपण यांची आयुष्यभराची पुंजी जाळली.

मास्तर मात्र घाबरले नव्हते. ते क्षणभर डोळे मिटून बसले, मग त्यांनी डाव्या हातानं कपाळ बडवून घेतलं. स्वतःचंच. टेबलाखालच्या डब्यातून त्यांनी एक लाल वायर काढली, एक काळी काढली. लाल वायर डाव्या रुळावर ठेवून खुणेनं सांगितलं, लाव. बाईंनी ती रुळाला धरून लावत नेली, बोगद्यातून हात घालून, पूर्ण वळसा घालून परत तोंडापाशी आणली. मग काळी वायर उजव्या रुळावरून तशीच नेली. परत आल्यावर बघतात तर काय, लाल वायर येऊन बसली होती काळीच्या डोक्यावर आणि काळी लालच्या!

"अगंबाई! एकाच रुळात विजेची दोन्ही टोकं भिडतात!" बाई ओरडल्या. "म्हणजे माझा जोड चुकला नव्हता?"

मास्तरांनी जोरजोरात मान हलवली. नाही, तुझा नाही. आणि छातीवर बोट ठेवलं. माझा. एवढं कबूल करून घ्यायला एरवी बाईंना आठवडा लागला असता, आणि आता त्यांना त्याचा आनंदच होईना. त्यांना वाटलं, यापेक्षा "तूच केलंस हे" म्हणून बोंबलले असते तर बरं झालं असतं.

वरच्या मजल्यावरचा फिटर हे ऐकून धावत आला. देवमाणूस! त्यानं मास्तरांच्या खुणांप्रमाणे वळशाच्या दोन्ही तोंडांशी रूळ कापून, वीज तुटावी म्हणून मध्ये प्लॅस्टिकचे तुकडे बसवले. वळशाला वेगळी वीज दिली. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला एक बटण आणि एक छोटा दिवा लावला, कारण वायर तिथंच पोचत होती. इंजिन वळशात शिरलं की दिवा लागायचा. पण बटण लगेच फिरवायचं नाही. पूर्ण गाडी आत गेली की मगच फिरवायचं, म्हणजे बाहेरच्या रुळांचं लाल-काळं उलटं होतं आणि गाडी बिनबोभाट बाहेर पडते. फिटरनं एक कपभर चहाशिवाय काही घेतलं नाही. बाईंनी पुन्हा पुन्हा आभार मानले तेव्हा लाजून म्हणाला, "अहो काकू, पुरे, मला जिना चढायचाय."

आता गंमत अशी झाली की ही गाडी एकट्या माणसाला चालवता येईना. कंट्रोलर टेबलाच्या या टोकाला, बटण डोंगराच्या मागे. मास्तरांना इथून बोगद्याचं तोंड दिसायचं, शेवटचा डबा आत गेला की नाही ते कळायचं. बाईंना तिकडून फक्त दिवा दिसायचा. म्हणून मास्तर शेवटचा डबा आत गेला की टेबलावर थाप मारायचे आणि बाई बटण फिरवायच्या.

पहिल्यांदा ते हिरवं इंजिन बोगद्यातून तोंड पुढे करून बाहेर आलं तेव्हा बाईंनी टाळ्या पिटल्या. मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बाईंनी पदरानं ते पुसलं आणि म्हणाल्या, "खरंच हो, मला वाटलं नव्हतं असा दिवस दिसेल. काही नाही बोललात तरी चालेल. आहात ना समोर, बास." असं म्हणाल्या खऱ्या, पण ते चालणार नव्हतं हे त्यांचं त्यांना ठाऊक होतं.

टीचरनं ते सगळं पाहिलं, खूप कौतुक केलं, आणि मग हळूच म्हणाली, "काका, टेबल छान बोलतंय. तुम्ही कधी बोलणार?" मास्तरांनी मान खाली घातली. जाताना ती बाईंना म्हणाली, "कधीकधी चिडल्यावर, घाई झाल्यावर शब्द निसटून येतात. पण मुद्दाम चिडवून होत नाही ते." बाईंना बेडकाची आठवण झाली आणि त्या ओशाळल्या.

तर बाईंची एक खोड होती, तीही नोकरीनं लावलेली. एक्स्चेंजमध्ये बोर्डावर दिवा लागला की हात गेलाच पाहिजे, दिवा लागलेला बघत बसलं तर सुपरवायझर डोक्यावर. उभ्या आयुष्याची ती सवय. त्यामुळे डोंगरामागचा दिवा लागला की थाप पडेपर्यंत हात आवरताना त्यांच्या नाकी नऊ येत. पहिले काही दिवस तर त्या उजवा हात चक्क मांडीखाली दाबून बसायच्या. मग सवय झाली, किंवा झाली असं त्यांना वाटलं.

त्या दुपारी गाडी मोठी होती. मास्तरांनी हौसेनं होते नव्हते तेवढे डबे जोडले होते. बाई डोंगरामागे स्टुलावर बसून फिटरच्या बायकोची हकीकत सांगत होत्या, नवी वॉशिंग मशीन कशी आली आणि दारातून आत कशी जाईना. सांगता सांगता त्या रंगात आल्या. "मग तो म्हणतो दार काढू या, ती म्हणते मशीनच परत पाठव, आणि सासू म्हणते..."

दिवा लागला आणि बाईंचा हात गेला.

इंजिनाचं निम्मं अंग वळशात आणि निम्मं बाहेर होतं. ते जागच्या जागी असं काही थडथडलं आणि मागे उसळलं की पुढचे डबे रूळ सोडून आडवे झाले, मधले पुलावरून घसरले, आणि शेवटचा सरळ टेबलावरून खाली फरशीवर गेला.

"अगं, थांब की!" आवाज आला. "अख्खी येऊ दे!"

घोगरा, फाटका, गंजल्यासारखा आवाज. पण बाई आपल्या रंगात होत्या, आणि चूक झाली म्हणून चिडल्याही होत्या. डोंगरामागून मान न काढताच त्यांनी नेहमीसारखं फाडकन उलट उत्तर दिलं.

"मग आधी सांगायला तोंड नाही का तुम्हाला?"

बोलून गेल्या आणि त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. बटणावरचा हात सुटला. कंट्रोलरची बारीक घरघर तेवढी चालू होती. बाई डोंगराला धरून हळूच उठल्या. पलीकडे मास्तर डावा हात तसाच हवेत धरून बसले होते, थाप मारायला उचललेला. त्यांचे ओठ हलत होते. एकदा हलले, दोनदा हलले, चेहरा लाल झाला.

"आहे," मास्तर म्हणाले.