न वाजवलेली रेकॉर्ड

आमच्या घरात दर रविवारी चार वाजता एक जर्मन बाई रेकायची. मी स्वयंपाकघरात चहा टाकलेला असायचा, तिथूनच मी ओरडायची, "कोणी मारलं हो हिला?" भाऊजी कधी उत्तर द्यायचे नाहीत. तीसेक वर्षं हे असंच चाललं होतं.

भाऊजी म्हणजे माझे दीर, नरहरी. लग्न केलं नाही. माझे मिस्टर गेले, माझी मुलगी रेवा लग्न होऊन वसई स्टेशनजवळ फ्लॅटमध्ये राहायला गेली, आणि गिरीजच्या या घरात आम्ही दोघंच उरलो. मागे केळीची वाडी, पुढे मोगरा, आणि मधल्या खोलीत भाऊजींचा चावीचा ग्रामोफोन. ते मुंबईला एका जर्मन कंपनीत ड्राफ्ट्समन होते. तिथला साहेब कायमचा परत निघाला तेव्हा त्याच्या मडमेने हा ग्रामोफोन आणि दोन खोके रेकॉर्ड भाऊजींना देऊन टाकल्या. विमानात न्यायला फार जड, म्हणाली. आमच्या घरात ठेवायला जड नव्हत्या वाटतं!

सगळ्या रेकॉर्ड शंभर-शंभर वर्षांपूर्वीच्या, ऑपेरा गाणाऱ्यांच्या. ऑपेरा म्हणजे त्यांचं संगीत नाटक, असं भाऊजींनी मला एकदा समजावलं. मी म्हटलं, आपल्या नाटकातल्या बायका अशा किंचाळत नाहीत. लोटे लेमान, फ्रिडा लाइडर ही नावं मला ऐकून ऐकून पाठ झाली. श्लुसनुस नावाचा एक पुरुष होता, तो त्यातल्या त्यात बरा. भाऊजींना त्यातला एक शब्द कळत नव्हता, पण डोळे मिटून असे बसायचे की समोर आग लागली तरी उठले नसते. आठवड्याला एकच रेकॉर्ड, आणि दरवेळी नवी सुई. सुई दर खेपेला आवाजाचा एक पापुद्रा खरवडून नेते, म्हणून जपून ऐकायचं.

त्यातली एक रेकॉर्ड त्यांनी कधी वाजवलीच नव्हती. तिच्या लेबलवरचं नाव कसरीने खाल्लेलं. बर्लिन एवढं वाचता यायचं, बाकी नुसती भोकं. कोण गातंय ते कुणालाच ठाऊक नाही. "लेमान असेल," भाऊजी म्हणायचे, "किंवा लाइडर. किंवा आपण ऐकलेलीच नाही अशी कोणी." मी म्हटलं, मग लावून बघा की. तर म्हणाले, "वहिनी, तुम्ही तांदळाचा डबा तळाला लागू देता का?"

नाही देत. आमच्या घरात मूठभर तांदूळ खाली ठेवूनच वर नवे ओततात, माझ्या सासूबाईंनी मला पहिल्या दिवशी शिकवलं ते हेच. 

भाऊजींचा उजवा कान लहानपणीच गेलेला. डाव्यावर सगळं निभत होतं. या वर्षी तोल जायला लागला, म्हणून रेवाने मुंबईला नेऊन तपासलं, तर डाव्या कानाच्या नसेवर गाठ निघाली. गाठ मेंदूला टेकलेली. काढायलाच हवी, आणि काढली की तो कानही जाणार. डॉक्टरांनी हे अगदी मोठ्याने, सावकाश सांगितलं. भाऊजींनी मान हलवली आणि विचारलं, "कधी?"

मे महिन्यातल्या एका बुधवारी हॉस्पिटलात भरती व्हायचं ठरलं. त्याच्या आधीच्या शनिवारी त्यांनी धाकटा खोका उघडला. "मंगळवारी चार वाजता ती बिननावाची लावायची," म्हणाले. "आता शिल्लक ठेवून करू काय?" खोक्यातल्या अकरा रेकॉर्डवर पांढरी बुरशी आली होती. ते फडक्याने पुसत बसले. एकच जागा पुन्हा पुन्हा पुसत होते. मला बघवेना. मी आत जाऊन भांडी आदळली.

आता माझं ऐका. मला त्यांच्यासाठी काहीतरी करायचं होतं. तीस वर्षं नुसती टिंगल केली, निदान आता तरी. आगोटीआधी, पाऊस लागायच्या आत, मी घरातल्या सगळ्या गोष्टींना ऊन दाखवते. मिरच्या, डाळी, गाद्या, गोधड्या. बुरशी उन्हाने जाते हे मला कोणी शिकवायला नको. सोमवारी रेवा त्यांना रक्ताच्या तपासण्यांना घेऊन गेली, आणि मी तो खोका गच्चीवर नेला. लादीवर चरे पडतील म्हणून माझ्या हातची जाड गोधडी अंथरली, तिच्यावर अकराच्या अकरा रेकॉर्ड ओळीने मांडल्या, आणि गोधडी वाऱ्याने उडू नये म्हणून चार कोपऱ्यांना चार विटा ठेवल्या. किती शहाणी मी!

अडीच वाजता उलटवायला म्हणून वर गेले, तर एकही सपाट नव्हती. काहींच्या कडा वर आलेल्या, काही मधेच खचलेल्या, उन्हात मांडलेल्या पापडांसारख्या. ती बिननावाची उचलली तर हातात लवली. खालच्या बाजूला माझ्या गोधडीचे टाके उमटले होते. ओळीने, एकसारखे, माझे स्वतःचे टाके.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिथेच गच्चीवर बसले. लादी भाजत होती तरी उठवेना.

भाऊजी आले ते जिना चढून थेट वर. बघितलं. मला वाटलं ओरडतील, मला दोन शब्द ऐकवतील, मीही दोन ऐकवीन, मग बरं वाटेल. त्यांनी नुसतं माझ्या हातातल्या त्या रेकॉर्डकडे बघितलं, आणि भिंतीला धरून धरून खाली गेले. त्यांच्या खोलीचं दार लागलं.

"आई, तू काय केलंस!" रेवा म्हणाली. मग मोबाइल काढून, "थांब, सगळं यूट्यूबवर असतं. नाव काय बाईचं?"

"नावच नाही," मी म्हटलं.

"गाण्याचं?"

"तेही नाही."

तिने मोबाइल खाली ठेवला.

मी चपला घालून निघाले ती स्टॅनीकडे. स्टॅनी आमच्या पुढच्या आळीत फोटोंना फ्रेमी करतो. लग्नाचे फोटो, मदर मेरीची चित्रं, सगळं त्याच्याकडे. त्याला सांगताना मला रडू फुटलं, आणि मी रस्त्यात रडणारी बाई नाही. त्याने रेकॉर्ड उजेडात धरून फिरवली, टाक्यांवरून बोट फिरवलं. "लाखेची आहे ही. गरम झाली की मऊ, गार झाली की काच. दोन जाड काचांमध्ये उन्हात ठेवू, मऊ झाली की सावलीत नेऊन वर वजन ठेवू. वहिनी, घाई केली तर तुकडे होतील."

"उद्या चारला पाहिजे."

"मग आधी दुसऱ्यांवर करून बघू."

तो काचा घेऊन आमच्या गच्चीवर आला. त्या संध्याकाळी ऊन उतरेपर्यंत पहिली करून पाहिली. मी वजनाला घेतलेला पाटा लवकर ठेवला, ती कडकन फुटली. मंगळवारी सकाळी नऊपासून पुन्हा. दुसरी जास्त वेळ तापली, काचेला चिकटली. तिसरी सपाट झाली खरी, पण काढताना माझ्याच हाताने कड उडाली. प्रत्येक वेळी मी खाली भाऊजींच्या बंद दाराकडे बघून येत होते. जेवायला बाहेर आले नाहीत. ताट दारात ठेवलं, ते तसंच. अकरा वाजता चौथी नीट निघाली. बारा वाजता स्टॅनी म्हणाला, "आता ती द्या."

त्या साडेतीन तासांत मी किती देवांना काय काय बोलले ते सांगत नाही. पाटा मी स्वतः दोन्ही हातांनी, श्वास रोखून, इंच इंच खाली टेकवला. साडेतीनला काच उचलली. रेकॉर्ड अख्खी होती. कडेला थोडी लाट राहिली होती, पण वरची बाजू चांगली होती. खालची बाजू मी बघितली आणि स्टॅनीनेही बघितली. टाक्यांच्या ओळी दबल्या होत्या, गेल्या नव्हत्या. "त्या बाजूला काही उरलं नाही, वहिनी," तो हळूच म्हणाला. रेवा खाली होती. मी त्याला म्हटलं, कोणाला सांगू नकोस.

चार वाजता मी दार वाजवलं. मग आठवलं, आता डाव्या कानालाही कमी ऐकू येतं, आणि जोरात धडका दिल्या. भाऊजी आले. मी रेकॉर्ड चांगली बाजू वर करूनच तबकडीवर ठेवली. त्यांनी नवी सुई लावली आणि डावा कान पेटीला जवळजवळ चिकटवून बसले.

सुरुवातीला सुई लाटेवर वरखाली होत राहिली, आवाज रडक्या मुलासारखा हेलकावत होता. मी पदर तोंडात धरला. मग सुई आत सरकली आणि ती बाई सरळ गायला लागली. दीड मिनिट असेल, जास्त नाही. मी स्वयंपाकघरात नव्हते, तीस वर्षांत पहिल्यांदाच समोर बसून ऐकलं. भाऊजींच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते.

थांबल्यावर म्हणाले, "लेमान नाही. लाइडरही नाही. ही कोणी वेगळीच आहे."

मी सुई उचलायला वाकले. आता ते म्हणणार, उलटी करा. मी काय सांगणार होते? त्यांनी माझा हात धरला.

"दुसरी बाजू राहू द्या, वहिनी."

"अहो, उद्या..." मी म्हटलं.

"मूठभर राहू द्यावी. घरी आलो की ती तुम्ही ऐका, आणि मला सांगा कशी आहे. तुम्ही माझ्याशी कधी खोटं बोलला नाहीत." आणि हसले. सोमवारपासून पहिल्यांदा हसले. मला तिथल्या तिथे सांगता आलं असतं. नाही सांगितलं.

ऑपरेशन सात तास चाललं. गाठ निघाली, माणूस वाचला. कान गेला. तोंड किंचित वाकडं झालं, आणि आवाज असा मोठा की पलीकडच्या वाडीत ऐकू जावा, कारण स्वतःचा त्यांना कळत नाही. रेवाने मुलांची ती एलसीडी पाटी आणून दिली, लिहायचं आणि बटण दाबलं की कोरी. घरी आल्यावर दोन दिवस मी तिच्यावर लिहीत होते, औषध घ्या, डाळ गार होतेय. ते वाचायचे आणि भिंतीकडे बघत बसायचे. दिवसभर तसेच. मी पाटी धरून समोर उभी राहिले तरी नजर वर यायची नाही. असा हा माणूस किती दिवस टिकेल, असं मला वाटायला लागलं.

रविवारी चार वाजता मात्र स्वतः खुर्ची ओढून ग्रामोफोनसमोर बसले. "वहिनी!" ओरडले, "दुसरी बाजू!"

मी पेटीचं झाकण त्यांच्या बाजूला येईल अशी ती फिरवली, म्हणजे तबकडी दिसणार नाही. हँडल फिरवलं, नवी सुई लावली, रेकॉर्ड उलटी ठेवली. सुई माझ्या टाक्यांवरून चालायला लागली. खर्र, खट्. खर्र, खट्. बाई नव्हती, बाजा नव्हता, काहीच नव्हतं. भाऊजी माझ्या तोंडाकडे बघत होते. पापणी हलवत नव्हते. मी ऐकते आहे असं तोंड केलं आणि तसंच धरून ठेवलं. तीन-चार मिनिटं. आयुष्यात मला कशानेही एवढं थकवलं नसेल.

खर्र, खट्. सुई शेवटाला पोचली.

"कशी आहे?" त्यांनी विचारलं.

मी पाटी मांडीवर घेतली. छान, असं लिहिलं. मग त्यांच्याकडे बघितलं आणि कळलं, छान वाचलं की या माणसाला सगळं समजेल. मी बटण दाबून पुसलं. पुन्हा लिहिलं आणि पाटी त्यांच्यासमोर धरली.

कोणी मारलं हो हिला?

भाऊजींनी वाचलं. मग त्या वाकड्या तोंडाने एवढ्या मोठ्याने हसले की स्टॅनीची बायको लविना कुंपणापर्यंत बघायला आली. मी उठून आत गेले आणि चहा टाकला.